'डाऊन टू' आणि 'अप टू' एकच आहे का?

तुमचा प्रश्न असा की लंडनच्या क्लायंटनं मेलमधे 'द डिले वॉज डाऊन टू युवर टीम' लिहिलंय आणि मॅनेजर म्हणतोय हे 'अप टू यू' सारखंच असतं, मनावर घेऊ नका. घ्या मनावर. तो सरळ म्हणतोय की उशीर तुमच्या टीममुळं झाला.

मी लातूरला स्पोकन इंग्लिश शिकवतो, तिथंपण पोरं ह्या दोन्हीतच गोंधळायलेत. 'इट्स अप टू यू' म्हणजे तुमची मर्जी, चहा घ्या नायतर कॉफी. 'डाऊन टू' मधे मर्जीबिर्जी काही नसते. गोष्ट होऊन गेलेली असली की मराठीत 'मुळं' लावून बघा, व्हायची असली की 'वर' लावा. 'द विन वॉज डाऊन टू हर' म्हणजे तिच्यामुळं जिंकलो, 'नाऊ इट्स डाऊन टू हर' म्हणजे आता सगळं तिच्यावर. श्रेय पण ह्यातच अन् खापर पण ह्यातच.

वर्गात मी 2016 चं उदाहरण देतो, आमच्याकडं ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मांजरा धरण आटलं होतं आणि एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एक पोरगं लिहितं 'द शॉर्टेज वॉज डाऊन टू पुअर रेन', दुसरं लगेच 'नो सर, इट वॉज डाऊन टू शुगरकेन', मग इंग्लिश राहतं बाजूला आणि उसावरून भांडण सुरू (ज्याच्या घरी ऊस तो पावसाला दोष देणार, सांगायलाच नको). वाक्यं मात्र दोन्ही बरोबर. त्यात 'पुट' आलं की ते कुणाचंतरी मत होतं: 'पीपल पुट इट डाऊन टू शुगरकेन', लोक म्हणतात उसामुळं. हा 'इट' मधेच ठेवायचा, आणि 'टू' विसरायचा नाही, कारण माणसाला नुसतं 'पुट डाऊन' केलं म्हणजे त्याला चारचौघात कमी लेखलं, भलतंच होऊन बसतं.

ह्या अर्थानं हे ब्रिटिशांच्या तोंडी जास्त, अमेरिकन कमी म्हणतात.

आता तुमच्या मेलचं. उशीर समोरून अप्रूव्हल न आल्यानं झाला असेल तर 'द डिले वॉज डाऊन टू लेट अप्रूव्हल्स' लिहा आणि खाली तारखा टाका, तारखांशिवाय हे वाक्य पाठवू नका. चूक आपलीच असेल तर 'दॅट वॉज डाऊन टू अस' आणि काम कधी देणार ते, बस.