मळमळीची गोळी किती दिवस घ्यावी?

प्रश्न : सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत, बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. दोन घासांतच पोट भरतं, मळमळतं. जठर हळू रिकामं होतं म्हणून डॉक्टरांनी मेटोक्लोप्रामाइड १० मिलिग्रॅम, जेवणाआधी तीनदा, दोन आठवड्यांसाठी दिलं. आराम पडला म्हणून त्याच चिठ्ठीवर तीन महिने गोळ्या आणतोय. हल्ली त्या तोंडात काही नसताना चघळत असतात. हे गोळीमुळे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : असू शकतं. पुढची गोळी देण्याआधी, आजच डॉक्टरांना कळवा. हे औषध मेंदूतल्या डोपामिनलाही (हालचालींवर ताबा ठेवणारं रसायन) अडवतं. जास्त दिवस घेतल्यास जबडा, ओठ, जीभ आपोआप हलू लागतात आणि गोळी बंद केल्यावरही ते कायम राहू शकतं. वयस्कर स्त्रिया आणि मधुमेही यांना हा धोका अधिक. म्हणूनच १२ आठवड्यांपेक्षा जास्त हे औषध टाळतात. युरोपात तर २०१३ पासून ५ दिवसांचीच मर्यादा आहे. चिठ्ठीवरचे दोन आठवडे म्हणजे दोनच आठवडे.

घरातल्या इतर गोळ्यांची पाकिटंही डॉक्टरांना दाखवा. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पुष्कळदा डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. तीही डोपामिन अडवणारीच. मेटोक्लोप्रामाइडसोबत ती घेतली तर धोका वाढतो, आणि घरच्यांच्या ते लक्षातही येत नाही. पार्किन्सन, फिट्स किंवा आतड्यात अडथळा असेल तर मेटोक्लोप्रामाइड देत नाहीत. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी लागतो, तेव्हा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या.

डॉक्टरांनी पुन्हा कधी दिलीच, तर जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. चुकली तर सोडून द्यावी, पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. झोप येते, म्हणून रात्री उठताना आधार द्या.

जेवण थोडं थोडं, पाच-सहा वेळा, मऊ आणि कमी तेलाचं असावं. सराफ्यातली (तुमच्या रात्रीच्या खाऊबाजारातली) कचोरी किंवा भुट्ट्याचा कीस रात्री उशिरा नकोच: तूप-तेल आणि चोथा, दोन्ही जठरात रेंगाळतात. पातळ पदार्थ त्यामानाने लवकर पुढे सरकतात.

इन्सुलिनची वेळही विचारून घ्या. गोळी थांबली की अन्न पुन्हा उशिरा आतड्यात पोचेल, पण इन्सुलिन आपल्या वेळेला काम सुरू करेल, आणि जेवूनही साखर घसरेल. जेवणाआधी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहा. ७० च्या खाली आली तर बिस्किट देऊ नका; तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.