चेनसॉचे दात निळे पडले

प्रश्न: बेंच ग्राइंडरवर चेनसॉच्या चेनला धार लावली, दात निळे पडले, आता दोन फांद्या कापल्या की परत बोथट. चेन बदलू का?

उत्तर: अहो लगेच नका बदलू! निळा रंग म्हणजे दात जास्त तापला, पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे त्याचा कडकपणा गेला, म्हणून धार टिकत नाही. तेवढा निळा भाग घासून काढा, पण ग्राइंडरचा दगड दाबून धरायचाच नाही, नुसता टेकवायचा नि उचलायचा, आणि त्याआधी दगड ड्रेसरने (दगडाचा वरचा थर खरवडायचं अवजार) साफ करा कारण गुळगुळीत झालेला दगड कापत नाही, नुसता तापवतो. धारेचा कोन बऱ्याच चेनना 30 अंश लागतो, तरी चेनच्या पाकिटावर बघाच. दोन्हीकडचे दात सारख्या लांबीचे ठेवा नाहीतर कापताना चेन एका बाजूला ओढते. आणि गॉगल घाला हो.