सेन्सर नवा, कोड तोच: वाचकांचे प्रश्न, मिस्त्रीची उत्तरं

प्रश्न: माझ्याकडे वीस टनी जुनी पोकलेन आहे. शेततळी, नाला खोलीकरण अशी कामं घेतो. पावसाळाभर मशीन शेतात टिनाच्या शेडखाली, कुटाराच्या ढिगाशेजारी उभी होती. आता चालू केली तर स्क्रीनवर एसपीएन 110, एफएमआय 3 असा कोड येतो. फॅन सारखा जोरात फिरतो, ताकदही कमी वाटते. मिस्त्रीने सेन्सर बदलला, कोड गेला नाही. आता तो ईसीएमच (इंजिनचा कॉम्प्युटर) बदला म्हणतो. किंमत ऐकून झोप उडाली. काय करू?
— मशीनमालक, दारव्हा तालुका

उत्तर: भाऊ, ईसीएमला हात लावू नका.

तुमच्या मिस्त्रीने पहिला आकडा वाचला आणि दुसरा सोडून दिला. एसएई जे1939 या कोडांच्या पद्धतीत एसपीएनवरून कळतं कोणतं सर्किट कुरकुरतंय, आणि एफएमआयवरून कळतं त्याला झालंय काय. 110 म्हणजे कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान. 3 म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त. पाणी खरोखर उकळत असतं तर 3 च्या जागी 0 किंवा 16 दिसला असता. (काही मशीन हे दोन आकडे दाखवत नाहीत, त्यांची स्वतःची यादी असते. कमिन्स इंजिनांच्या यादीत हाच बिघाड 144, आणि याच्या उलटा, म्हणजे व्होल्टेज कमी असलेला, 145.)

व्होल्टेज जास्त म्हटलं की जो तो शॉर्ट शोधत सुटतो. या सर्किटमध्ये मात्र बहुतेक वेळा वायर तुटलेलीच सापडते. ईसीएम आपल्या आतल्या एका रेझिस्टन्समधून 5 व्होल्ट सिग्नलच्या वायरवर सोडतो. सेन्सर ते खाली ओढतो. पाणी जितकं तापेल तितका सेन्सरचा रेझिस्टन्स कमी आणि व्होल्टेजही कमी. वायर तुटली की खाली ओढणारं कोणी राहत नाही, पुरे 5 व्होल्ट तसेच उभे राहतात आणि ईसीएम ‘जास्त’ म्हणून बोंबलतो. अशा वेळी तुम्ही दहा सेन्सर बदला, कोड हलणार नाही.

तपासायचं असं. चावी बंद करा, सेन्सरचा कपलर (वायरिंगचा प्लग) काढा. कपलरच्या दोन्ही पिना वायरच्या बारीक तुकड्याने एकमेकींना जोडा आणि चावी चालू करा, इंजिन मारू नका. एफएमआय 3 जाऊन 4 आला, तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही ठणठणीत आहेत. दोष सेन्सरमध्ये किंवा पिनेच्या पकडीत आहे. 3 तसाच राहिला, तर बहुधा कपलरपासून ईसीएमपर्यंत कुठेतरी तार तुटली आहे.

मग तुकडा काढून मीटर घ्या. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक एकेका पिनेला. एका पिनेवर 5 व्होल्टच्या आसपास दिसले, तर सिग्नलची वायर शाबूत. आता काळं टोक बॅटरीवरून काढून दुसऱ्या पिनेला लावा. इथेही 5 दिसायला हवेत. बॉडीशी 5 आणि दोन पिनांमध्ये काहीच नाही, म्हणजे परतीची वायर गेली. दोन्ही पिनांवर बॉडीशी काहीच दिसत नसेल तर सिग्नलची वायर तुटली, किंवा ती कुठे बॉडीला घासतेय. पण घासत असती तर कोड 4 आला असता.

हा तुकडा जोडायचा प्रयोग दोन तारांच्या तापमान सेन्सरवरच करा. तीन तारांच्या प्रेशर सेन्सरवर केलात तर 5 व्होल्ट सरळ अर्थला (अर्थिंगला) जातील आणि स्क्रीनवर कोडांची वरात निघेल.

तुमच्या पत्रातला कुटाराचा ढीग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. कुटारात उंदीर, आणि उंदराला हार्नेसची (वायरांच्या जुडग्याची) ऊब आवडते. आधी केबिनच्या फरशीखाली आणि इंजिनच्या मागच्या बाजूला, हार्नेसच्या नळीवर लेंड्या किंवा कुरतडल्याच्या खुणा बघा. नळी वरून धड दिसली तरी खालून हात फिरवा. मग क्लॅम्पच्या जागा आणि सायलेन्सरजवळून जाणारा भाग. तार सापडली की सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब चढवा. नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळली तर आमच्या काळ्या मातीचा ओलावा पुढच्या पावसाळ्यात तिथेच शिरेल.

आणखी एक, मिस्त्रीला सांगा, मीटरचं जाड टोक मादी पिनेत खुपसू नको. पीन पसरते, मग कपलर लावल्यावर वरून पक्का बसतो आणि आत पकडच नसते. मी पाहिलेल्या ‘ईसीएम गेला’ म्हणणाऱ्या मशीनींत अशा पसरलेल्या पिना बऱ्याच होत्या.

प्रश्न: भाऊ, मी ऑपरेटर आहे. दुपारी बारा-एक वाजले का स्क्रीनवर पाच-सहा कोड एकदमच येतात, मशीन सुस्त होते. चाबी बंद करून चालू केली का सारं जाते. सकाळी काहीच नसते. मालक म्हणते का मीच काम चुकवतो.
— ऑपरेटर, वणी

उत्तर: दादा, मालकाला हे उत्तर दाखवा. पाच-सहा सेन्सर एकाच दुपारी एकदम मरत नाहीत. त्या सगळ्यांना मिळून असलेली एखादी गोष्ट ढिली आहे: सप्लाय, अर्थ, सेन्सरांना जाणारे 5 व्होल्ट, नाहीतर कॅनच्या, म्हणजे मशीनचे कॉम्प्युटर ज्यांवरून आपसात बोलतात त्या, दोन तारा.

चावी फिरवण्याआधी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. पुष्कळ मशीनींत जुने कोड मेमरीत राहतात, पण त्या घडीला कोणते चालू होते ते फोटोतच कळतं. आणि तपासणी दुपारीच करा. मे महिन्यात वणी-चंद्रपूरकडे पारा 45 च्या पुढे जातो, त्यात इंजिनची धग. ढिला जोड तापला की सुटतो आणि सकाळी गार पडला की पुन्हा जुळतो. सकाळी मिस्त्री बोलावला तर त्याला काय दिसणार?

इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या मिळून 27 ते 28.5 व्होल्ट हवेत. मग लाइट, एसी, ब्लोअर सगळं लावा आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह बोल्टवर, दुसरं ईसीएमच्या अर्थवर ठेवा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थचा बोल्ट काढून गंज, रंग घासून टाका. इथे ओहम मोजत बसू नका. एका केसावर लटकलेली केबलही ओहममध्ये छान दिसते, भार आला की कोलमडते.

अर्थ चांगला निघाला तर मेन स्विच बंद करून डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये (स्कॅनर लावायच्या जागी) कॅन हाय आणि कॅन लो या दोन तारांमध्ये ओहम मोजा. दोन टोकांना 120-120 ओहम समांतर जोडलेले असतात, म्हणून 60 च्या आसपास यायला हवेत. 120 आले तर एक टोक सुटलंय. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना टेकल्यात. 60 नीट आले, तर कोड चालू असताना 5 व्होल्टवरचे सेन्सर एकेक करून काढा. ज्याचा कपलर काढल्यावर बाकीचे कोड विझतील, तोच सगळ्यांना खाली ओढत होता.

प्रश्न: बकेटला शेतातच वेल्डिंग केलं, तेव्हापासून डिस्प्ले बंद. संबंध असेल का?
— वाचक, उमरखेड

उत्तर: असू शकतो. आधी फ्यूज बघा, नशीब असेल तर तेवढ्यावर निभावेल. पुढच्या वेळी मेन स्विच बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला, ईसीएमचे कपलर काढलेले, आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ, बकेटवरच. चिमटा चेनला लावला तर करंट बूमच्या पिना आणि स्विंगच्या बेअरिंगमधून फिरून येतो.

प्रश्न: आयटीआय करतोय, मशीन लाइनमध्ये यायचंय. कोणतं सामान घेऊ?
— विद्यार्थी, आर्वी

उत्तर: आधी बऱ्यापैकी डिजिटल मीटर आणि वायरच्या मागून शिरणाऱ्या बारीक सुया. बल्बवाला टेस्टर ट्रॅक्टरच्या लाइटसाठी ठेव. ईसीएमच्या तारांना लावू नको, तो जास्त करंट ओढतो. स्कॅनर नंतर बघू. ज्या मशीनवर हात टाकशील तिचा सिरीयल नंबर जुळणारा वायरिंग डायग्राम मात्र आधी मिळव. एकाच मॉडेलच्या दोन मशीनींत तारांचे रंग वेगळे निघतात.