गोव्यात फ्लॅट घ्यावा की जुनं घर?
तुम्ही दोघंही नोकरीवाले, म्हापशाच्या आसपास फ्लॅट घ्यावा की जुनं कौलारू घर, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते फ्लॅटच घ्या. जुन्या घराची खरी अडचण कागदांत असते. इथल्या नागरी कायद्यामुळे वाटा सगळ्या मुलांना मिळतो, बहुतेक वेळा त्यांच्या नवऱ्या-बायकोलाही. विकणाऱ्यांपैकी एक भाऊ पोर्तुगालला असला तरी विक्रीला त्याची सही हवीच. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातली जमिनीची नोंद) कुळाचं किंवा मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) नाव नाही ना, तेही बघा. शिवाय दर मे महिन्यात कौलं परतायला माणूस शोधायचा. फ्लॅटचं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला मागा, नवीन असेल तर रेरा (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणीही. वरचा मजला असेल तर जुलैत, भर पावसात जा आणि छताचे कोपरे हाताने चाचपून बघा.