विहिरी मोजणाऱ्या मुलीच्या वडिलांना

पत्र: मॅडम, नमस्कार. आम्ही सांगोला तालुक्यातले. साडेचार एकर शेती, त्यातलं डाळिंब तेल्या रोगानं गेलं. मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, वर्षभर घरी आहे. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीचा विकास आराखडा करताना ग्रामसेवकांनी तिला मदतीला घेतलं. तिनं घरोघरी फिरून माहिती लिहिली, विहिरी-बोअर मोजले. पैसे काही मिळाले नाहीत. आता म्हणते, बी.एड. नको, नुसत्या स्पर्धा परीक्षाही नकोत, गावाच्या विकासाचंच काम करायचं. भावकी हसते, ‘पोरगी सरपंच होणार का?’ हे सगळं समाजसेवा झालं, पोटाचं काय? तिला अडवू की जाऊ देऊ? तिच्या वहीच्या दोन पानांचा फोटो सोबत पाठवतो आहे.

उत्तर:

दादा, नमस्कार.

तुमच्या पत्रापेक्षा मी ती दोन पानंच जास्त वेळ पाहिली. ग्रामपंचायतीच्या दप्तरात ६४ विहिरी-बोअर आहेत, तिच्या वहीत १४१. प्रत्येकीपुढं रकाना: चालू, कोरडी, फक्त पावसाळ्यात. आणि एका ठिकाणी समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय, ‘खोली विचारली, खरी सांगितली नाही.’ हे वाक्य जिनं लिहिलं तिला या कामात जाऊ द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तुमच्या गावात नाही. पहिली दोन-तीन वर्षं तरी नाही. का, ते पुढं सांगते.

गावाचा विकास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गटार, सभामंडप आणि वेशीवरची कमान येते. ती बांधायला ठेकेदार असतो, त्यासाठी शिकलेलं माणूस लागत नाही. शिकलेलं माणूस लागतं ते गावाकडं काय आहे आणि काय नाही याचा ताळेबंद मांडायला. पाण्याचंच बघा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. शिवार १,००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर वर्षाला ५०० कोटी लिटर गावावर पडतं. ऐकायला केवढं वाटतं! पण त्यातलं वाहून किती गेलं, वाफ किती झाली, मुरलं किती, प्यायला आणि जनावरांना किती लागणार, हे वजा करत गेलं की शेवटी जे उरतं त्यात ऊस बसत नाही. हे कुणी भाषण करून सांगावं लागत नाही, फळ्यावर दिसतं.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पावसाळा संपला की दरवर्षी हा हिशेब ग्रामसभेपुढं मांडतात आणि रब्बीला काय पेरायचं ते त्यावर ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा नियमही त्याच हिशेबातून टिकला. तिथं हे काम उभं करणारे पोपटराव पवार शिकलेले एम.कॉम. आहेत. पाण्याचा जमाखर्च मांडणाऱ्या माणसाचं शिक्षण वाणिज्य शाखेचं असावं, याची मला नेहमी गंमत वाटते. आणि जिथं निम्म्याहून जास्त विहिरी दप्तरातच नाहीत, तिथं हा जमाखर्च पहिल्याच ओळीत चुकतो. तुमच्या मुलीनं ती पहिली ओळ दुरुस्त केली आहे. फुकट केली, हे मात्र पुन्हा होऊ देऊ नका.

पाण्याचा हिशेब तरी सोपा. माणसांचा अवघड. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका गावात गेले होते. ग्रामपंचायतीसमोर पाणी शुद्ध करणारा आरओचा प्लांट होता, कार्ड लावलं की वीस लिटरचा जार भरेल असा. दाराला कुलूप, कुलपाला गंज. आठ महिने चालला, मग मेम्ब्रेन, म्हणजे आतली पाणी गाळणारी पडदी, खराब झालं, बदलायला कोण येणार यावर दोन ग्रामसभा झाल्या आणि विषय मिटला. आम्ही ज्यांच्या ओसरीवर चहाला बसलो होतो, त्या आजींना सहज विचारलं, मुलगा काय करतो? ‘पुण्याला असतो, घरोघरी ते पाण्याचं मशीन बसवतो नि दुरुस्त करतो.’ प्लांटपासून ते घर साठ पावलांवर. आराखड्यात प्लांटची किंमत होती, मेम्ब्रेनवाल्या माणसाचा रकाना नव्हता.

प्रत्येक गावात अशी माणसं असतात. मोटर भरणारा, सळईचं माप डोळ्यांनी सांगणारा गवंडी, शेळीचं बाळंतपण करणारी पशुसखी, बचतगटाचं दप्तर पैशाच्या फरकाशिवाय लिहिणारी एखादी सीआरपी, म्हणजे गटांना मदत करणारी गावातलीच ताई. दप्तरात त्यांची नोंद ‘मजूर’ किंवा ‘गृहिणी’ अशी असते. कुणाच्या हातात काय कसब आहे, कोण गावात आहे, कोण बाहेर आहे आणि कशानं परत येईल, ही यादी करता येणं म्हणजे या क्षेत्रातलं खरं कौशल्य. पदवीच्या अभ्यासक्रमात ते अर्धंच शिकवतात.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तिला वाचायला सांगा. वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला २००९ साली. पण बांबूच्या वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडेपर्यंत २०११ उजाडलं. त्यानंतर ग्रामसभेनं स्वतः बांबू विकला. म्हणजे तोड कुणी करायची, मजुरी किती, खरेदीदार कसा निवडायचा, पैसे कुठल्या खात्यात, हे सगळं गावानंच केलं. हे एका रात्रीत जमलेलं नाही. त्याआधी कितीतरी वर्षं त्या गावात अभ्यासगट चालत होते, आणि निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं घेण्याची सवय लावून घेतली होती. जंगल आधीही होतंच. ते सांभाळून विकणारी माणसं तयार व्हायला वेळ लागला.

आता पोटाचं. सरळ सांगते.

सरकारी दार म्हणजे जिल्हा परिषदेची भरती. ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणतो, ते पद आता ग्रामपंचायत अधिकारी या नावानं ओळखलं जातं. पात्रतेच्या अटी जाहिरातीतच बघा, क्लासवाल्याच्या तोंडून नको. वरची पायरी म्हणजे राज्यसेवेतून सहायक गटविकास अधिकारी किंवा गटविकास अधिकारी. तुमची मुलगी स्पर्धा परीक्षांवर नाराज आहे, पण ‘नुसत्या’ हा शब्द तुम्ही पत्रात वापरलाय, तो तिचाच असावा. एका बाजूला काम करत ही परीक्षा दिली तर बिघडत नाही. खोलीत कोंडून पाच वर्षं घालवू नयेत, इतकंच.

दुसरं दार ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं, बचतगट, ग्रामसंघ, प्रभागसंघ उभे करण्याचं काम. तालुका आणि प्रभाग पातळीवर माणसं लागतात, पण नेमणूक कंत्राटी, हे धरूनच जावं. तिसरं दार संस्थांचं. उरुळी कांचनला सुरू झालेली बाएफ किंवा पाणलोटाचं काम करणारी पुण्याची ‘वॉटर’ (WOTR) अशा संस्थांना नकाशा वाचणारी, गावात बसून बोलणारी आणि संध्याकाळी अहवाल लिहिणारी माणसं हवी असतात. तिन्ही गोष्टी एकाच माणसात क्वचित सापडतात. प्रकल्प तीन वर्षांचा असतो, तो संपला की नवा शोधावा लागतो. हे दडवून मी तुम्हाला गुलाबी चित्र दाखवणार नाही. मात्र पाच-सात वर्षांचा अनुभव असलेलं माणूस या क्षेत्रात सहसा रिकामं बसलेलं मी पाहिलेलं नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर तुमच्यापासून फार लांब नसलेल्या तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे, ग्रामीण विकासावर तिथला भर आहे. आणंदची ‘इर्मा’ व्यवस्थापनासाठी नावाजलेली, १९७९ पासूनची. २०२५ च्या कायद्यानं ती त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा भाग झाली. पण तिथली फी बघून मगच स्वप्नं बघा, शैक्षणिक कर्ज काढून लगेच कंत्राटी नोकरीत जाणं मला पटत नाही. माझा क्रम उलटा आहे. आधी दोन वर्षं काम, मग पदव्युत्तर शिक्षण. स्टेट बँकेची ‘यूथ फॉर इंडिया’ ही फेलोशिप १३ महिन्यांची असते, पदवीधरांना एखाद्या संस्थेबरोबर गावात राहून काम करायला मिळतं, विद्यावेतनासह. तिनं अर्ज करावा. आणि रसायनशास्त्र वाया गेलं असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. पाण्यात फ्लोराइड किती, क्षार किती, हे ज्याला तपासून गावाला समजेल असं सांगता येतं, त्याला पाणी योजनांच्या कामात मान असतो.

आता ते ‘तुमच्या गावात नाही’ का? समासातली ती पेन्सिलीची ओळ आठवा. बोअरची खोली खरी का सांगितली नाही? कारण विचारायला आलेली मुलगी तुमची होती. तुमचा बांध कुणाच्या बांधाला लागतो, मागच्या निवडणुकीत तुम्ही कुणाच्या पॅनलला होतात, हे सगळं तिच्या आधी त्या दारात पोचलेलं असतं. परक्या गावात ती फक्त ‘वही घेऊन आलेली ताई’ असेल, तिथं लोक आधी संशय घेतील पण मग बोलतील. चुकायची मुभाही तिथंच असते. आपल्या गावात एक बंधारा चुकीच्या जागी पडला तर तीन पिढ्या ऐकवतात.

सरपंचपदाचं भावकीला एवढंच सांगा की वयाची २१ वर्षं पूर्ण झाली की निवडणूक लढवता येते आणि तुमच्या मुलीची झालेली आहेत. पण ती नोकरी नाही. पाच वर्षांची मुदत, आरक्षण फिरतं, मानधनावर घर चालत नाही. करिअर आणि निवडणूक या दोन वेगळ्या पिशव्या आहेत.

पुढच्या ग्रामसभेच्या आधी तिच्याकडून एक काम करून घ्या. विहिरींच्या वहीतच मागच्या पानावर माणसांची यादी: नाव नको, घर क्रमांक, कसब, आत्ता कुठं असतो. पन्नास घरं पुरेत. आणि विहिरींच्या यादीची झेरॉक्स तिच्या सहीनिशी, तारखेनिशी ग्रामपंचायतीत द्या, आवक क्रमांक टाकून पोच घ्या. ग्रामसेवक ‘कशाला’ म्हणतील. हसून घ्या, पण पोच सोडू नका. मुलाखतीला जाताना पदवीच्या प्रमाणपत्रावर तोच कागद ठेवायचा आहे.