सहावीच्या मुलांना भूगोलाची पाच सूत्रं (स्थान, ठिकाण, मानव-पर्यावरण संबंध, हालचाल, प्रदेश) कशी समजावून सांगू?

पाचही सूत्रं एकाच ओळखीच्या गावावर शिकवा. व्याख्या फळ्यावर शेवटी लिहा. मी भूगोल शिकवते, माझं ठरलेलं गाव लासलगाव, कारण कांदा प्रत्येक घरात असतो.

स्थान (गाव कुठे आहे) आणि ठिकाण (ते कसं आहे) लवकर उरकतात: साधारण २० अंश उत्तर, ७४ अंश पूर्व, रेल्वेने मनमाड आणि नाशिकच्या मधे, काळी जमीन, कांद्याची मोठी बाजारपेठ. खरी मजा तिसऱ्यात. उन्हाळी कांदा एप्रिल-मेच्या सुमारास निघतो, पण शेतकरी तो कांदाचाळीत भरून पावसाळाभर जपतो. चाळ जमिनीपासून वर उचललेली का, भिंतींना फटी का, हे मुलांनाच विचारा. दमट हवा आणि कांदा सडणं यांचा संबंध ती स्वतः जोडतात. हालचालीसाठी शेत, लिलाव, ट्रक, स्वयंपाकघर असा माग काढायला लावा. प्रदेशासाठी निफाड, येवला, चांदवड तालुक्यांचा कोरा नकाशा द्या आणि ‘कांदा पट्ट्या’ची हद्द आखायला सांगा. प्रत्येकाची रेघ वेगळी येते, त्यावरून वाद होऊ द्या.

एक लक्षात घ्या: ही पाचाची मांडणी अमेरिकेत १९८४ मध्ये शालेय भूगोलासाठी आली आणि १९९४ मध्ये तिथेच तिच्या जोडीला नवे राष्ट्रीय निकष आले. आपल्याकडे सहसा प्राकृतिक आणि मानवी भूगोल अशी विभागणी असते. त्यामुळे पाच नावं पाठ करून घेऊ नका, प्रश्न विचारण्यापुरती वापरा.