पणजीत इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) भरतो त्या जुन्या इमारतीत पूर्वी खरंच हॉस्पिटल होतं का?

हो, होतं. आणि ते काही साधंसुधं नव्हतं. पणजीकर अजूनही त्या आवाराला 'जुनं जीएमसी'च (गोवा मेडिकल कॉलेज) म्हणतात; रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की पुरे.

पोर्तुगीज सरकारने 1842 साली पणजीत वैद्यकीय शाळा काढली. आशियातल्या सगळ्यात जुन्या वैद्यकीय शाळांमध्ये तिची गणना होते. शिकायचं म्हणजे रुग्ण हवेत, त्यामुळे शाळा आणि इस्पितळ जोडीनेच वाढलं. 1961 ला गोवा मुक्त झाला, 1963 मध्ये शाळेचं गोवा मेडिकल कॉलेज झालं आणि ते मुंबई विद्यापीठाशी जोडलं गेलं. पुढे मांडवीकाठची जागा अपुरी पडली. नव्वदच्या दशकात कॉलेज आणि इस्पितळ दोन्ही बांबोळीच्या पठारावर गेलं.

2004 ला इफ्फी गोव्यात आला तेव्हा या रिकाम्या वास्तूची डागडुजी झाली, शेजारी आयनॉक्सचं मल्टिप्लेक्स उभं राहिलं. माकिनेझ पॅलेसही त्याच आवारातला, त्याचंही रूप तेव्हाच पालटलं. माझ्या मते हे पाडण्यापेक्षा शंभर पटींनी बरं झालं. नोव्हेंबरात गळ्यात पास अडकवून लोक रांगा लावतात, तिथेच एकेकाळी केसपेपर हातात धरून रांगा लागायच्या.